‘दॅन आय’ की ‘दॅन मी’? : एका नियमाचे चरित्र

‘ही रॅन फास्टर दॅन आय’, ‘ही रॅन फास्टर दॅन मी’ आणि ‘ही रॅन फास्टर दॅन आय डिड’ ही तीन इंग्रजी वाक्ये आपल्या शालेय व्याकरणाच्या तराजूत घातली, तर पहिले शुद्ध, दुसरे अशुद्ध आणि तिसरे शुद्ध पण पाल्हाळिक ठरते. ज्यांच्या घरात इंग्रजी ही आईची भाषा आहे त्यांच्या बोलण्यात मात्र दुसरे आणि तिसरे वाक्य सर्रास कानी पडते आणि पहिले क्वचितच. ते बोलले गेलेच, तर ऐकणाऱ्याला बोलणारा किंचित गंभीर, किंचित शिष्ट वाटतो. जे वाक्य पुस्तकात सर्वांत शुद्ध तेच जिभेवर सर्वांत दुर्मिळ, ही विसंगती नवी नाही. तिला सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक बिशप, एक रसायनशास्त्रज्ञ व एक भांडखोर पत्रकार अशी मंडळी आहेत.

पुढे जाण्यापूर्वी लिपीमुळे उद्भवणाऱ्या एका गमतीची नोंद करून ठेवतो. इंग्रजी ‘मी’ हे द्वितीयान्त रूप देवनागरीत लिहिले की ते आपल्या प्रथमान्त ‘मी’सारखेच दिसते. या लेखात अवतरणचिन्हांतला ‘मी’ हा सर्वत्र इंग्रजी समजावा. म्हणजे कर्त्याचा ‘आय’ आणि कर्माचा ‘मी’.

आता मूळ प्रश्न. भूतकाळी क्रियापद, त्यामागे तुलनावाचक शब्द, त्यामागे ‘दॅन’ आणि शेवटी सर्वनाम, अशी ही रचना. ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय मानले, तर त्याच्यापुढे एक वाक्य अपेक्षित आहे. ते वाक्य अर्धेच उच्चारले गेले असेल तर उरलेले क्रियापद अध्याहृत धरायचे, आणि सर्वनाम त्या अध्याहृत क्रियापदाचा कर्ता म्हणून प्रथमेत ठेवायचे. ‘दॅन’ हे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे मानले, तर त्याच्याशी निगडित सर्वनाम द्वितीयेत येणार. कोणतेही क्रियापद अध्याहृत धरण्याचे कारण नाही. सारा वाद या एका शब्दाच्या जातीचा आहे.

जुन्या इंग्रजीत हा वाद उद्भवला नसता, कारण तिथे विभक्तिप्रत्यय शाबूत होते. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात वृद्ध राजा ह्रोथगार आपल्या दिवंगत भावाविषयी बोलताना, तो माझ्याहून श्रेष्ठ होता, असे म्हणतो. तिथले क्रियापद भूतकाळी आहे, त्यामागे तुलनावाचक विशेषण आहे आणि शेवटी येणारे ‘मी’ या अर्थाचे सर्वनाम स्वच्छ प्रथमेत आहे. लाउथच्या नियमाला याहून जुना पुरावा मिळाला नसता. पण त्याच जुन्या इंग्रजीत तुलनेची आणखी एक रीत होती. ‘दॅन’चा पूर्वज मुळीच न वापरता ज्याच्याशी तुलना करायची त्याला थेट चतुर्थीची विभक्ती लावायची. लॅटिन भाषेत हेच काम पंचमीसारख्या विभक्तीने होते, आणि संस्कृतात तर पंचमी हाच तुलनेचा राजमार्ग आहे: ‘रामात् पटुतरः’. आपण ‘रामाहून हुशार’ म्हणतो तेव्हा त्याच मार्गाने जातो. ‘रामापेक्षा’ हे जरा निराळे. त्यात संस्कृत ‘अपेक्षा’ दडलेली आहे, म्हणजे रामाकडे पाहता, रामाच्या अपेक्षेने. दोन्ही रीतींत तुलनेचा आधार एखाद्या नामाशी जोडलेला आहे, वाक्याशी नाही. इंग्रजीतली ही विभक्तीची रीत मध्ययुगात लोपली आणि ‘दॅन’ एकटा उरला. तेव्हा इंग्रजीत तुलना सदैव वाक्याशीच होत आली, असे म्हणता येत नाही. नामाशी तुलना करण्याची सोय तिथेही होती, ती नाहीशी झाली आणि तिची जागा रिकामी राहिली. पुढे ‘दॅन मी’ने ती जागा भरली, असे मला वाटते.

‘दॅन’ शब्दाचे कुळही पाहण्यासारखे आहे. ‘देन’ म्हणजे ‘मग’ आणि ‘दॅन’ म्हणजे ‘पेक्षा’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. ‘तो मोठा, मग मी’ अशा क्रमवाचक बोलण्यातून ‘तो माझ्याहून मोठा’ हा अर्थ निघाला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते सर्वांना मान्य नाही. लेखनात मात्र या दोहोंची फारकत फार उशिरा झाली. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या पहिल्या संग्रहात ‘दॅन’च्या जागी ‘देन’ असे वर्णलेखन सर्रास आढळते. आजचा भेद स्थिरावायला सतरावे शतक सरावे लागले. आज एखाद्या विद्यार्थ्याने या दोन शब्दांचे वर्णलेखन उलटसुलट केले, तर तो नकळत का होईना, जुन्या घराण्याची रीत पाळत असतो. अर्थात म्हणून त्याला गुण द्यावेत, असे मी सुचवत नाही.

विभक्तिप्रत्यय झिजून गेल्यावर इंग्रजीत शब्दाचे काम त्याच्या स्थानावरून ठरू लागले. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची. नामांना प्रत्ययच उरले नव्हते, त्यामुळे हा बदल त्यांच्यात दिसत नाही. तो दिसतो मोजक्या सर्वनामांत: ‘आय’ आणि ‘मी’, ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’, ‘वुई’ आणि ‘अस’, ‘दे’ आणि ‘देम’. क्रियापदानंतरचा सारा प्रदेश हळूहळू द्वितीयान्त रूपांच्या अमलाखाली आला. ‘इट इज आय’ऐवजी ‘इट्स मी’ रूढ झाले ते याच ओढीने. तुलनेतले सर्वनाम तर वाक्याच्या अगदी शेपटाशी, क्रियापदापासून दूर उजवीकडे येते. तिथे ‘आय’ टिकून राहणे अवघडच होते.

सोळाव्या शतकापासून याचे पुरावे मिळतात, आणि तेही अडाण्यांच्या बोलण्यातले नव्हेत. १५६० सालच्या जिनिव्हा बायबलात नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायातले तिसरे वचन पाहावे. दगड जड असतो, वाळूही जड असते, पण मूर्खाचा राग या दोहोंहून जड, असा त्याचा आशय. तिथे ‘दॅन’नंतर ‘दे’ नाही, ‘देम’ आहे. १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या भाषांतरात विद्वानांच्या मंडळींनी शब्दाशब्दाची छाननी केली आणि हे ‘देम’ तसेच ठेवले. ‘जुलियस सीझर’ नाटकात पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात कॅशियस सीझरची तुलना स्वतःशी करतो, तेव्हा त्याच्याही तोंडी ‘मी’ आहे. कॅशियस हा रोमन सरदार. त्याच्या तोंडी गावंढळ भाषा घालण्याचा नाटककाराचा हेतू असणे शक्य नाही. म्हणजे ज्या काळाच्या इंग्रजीला आपण अभिजात म्हणून वंदन करतो, त्या काळी ‘दॅन’नंतरची दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती आणि त्याचे कुणाला काही वाटत नव्हते.

वाटू लागले ते अठराव्या शतकात. १७६२ साली लंडनमध्ये ‘अ शॉर्ट इंट्रोडक्शन टु इंग्लिश ग्रामर’ हे छोटेखानी पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. लेखक होते रॉबर्ट लाउथ. जन्म १७१०, मृत्यू १७८७. १७७७ पासून अखेरपर्यंत ते लंडनचे बिशप होते. पण त्यांची खरी विद्वत्ता होती हिब्रू काव्याची. ऑक्सफर्डमध्ये १७४१ पासून काही वर्षे ते काव्याचे प्राध्यापक होते आणि तिथल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या, १७५३ साली लॅटिनमध्ये छापलेल्या ग्रंथात त्यांनी हिब्रू काव्यातल्या समांतर चरणांचा जो सिद्धान्त मांडला, तो आजही बायबलच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. व्याकरण त्यांनी मुळात आपल्या लहान मुलासाठी लिहायला घेतले होते, असे डच संशोधक इंग्रिड टीकन-बून फान ओस्टाडे यांनी दाखवले आहे. त्यांचा ‘द बिशप्स ग्रामर’ हा २०११ सालचा ग्रंथ लाउथविषयीचे पुष्कळ गैरसमज दूर करतो. लाउथ म्हणजे छडी घेऊन उभा असलेला हेकट पंतोजी, हे चित्र विसाव्या शतकाने रंगवले. प्रत्यक्षात ते मृदू स्वभावाचे, बहुश्रुत गृहस्थ होते. गंमत अशी की, ज्या काही रूपांना त्यांनी व्याकरणात नावे ठेवली, तीच त्यांच्या स्वतःच्या खाजगी पत्रांत आढळतात. ‘यू वॉज’ हा प्रयोग त्यांपैकी एक.

तुलनेविषयी लाउथ यांचे म्हणणे असे: ‘दॅन’ स्वतः कोणत्याही विभक्तीची मागणी करीत नाही. त्याच्यापुढे जे क्रियापद किंवा अव्यय अध्याहृत असेल, त्यावरून सर्वनामाचे रूप ठरवावे. क्रियापदाचा कर्ता असेल तर ‘आय’, कर्म असेल तर ‘मी’. या कसोटीवर त्यांनी मोठमोठ्यांना तपासले. त्यांच्या पुस्तकातल्या तळटीपा म्हणजे इंग्रजी साहित्यातल्या मान्यवरांची हजेरीच आहे, आणि ‘दॅन’च्या प्रकरणात तिथे जोनाथन स्विफ्ट सापडतात. स्विफ्टने पोपला लिहिलेल्या पत्रातले ‘दॅन मी’ त्यांनी दोष म्हणून दाखवले. ज्या स्विफ्टने १७१२ साली इंग्रजी भाषा शुद्ध आणि स्थिर करण्यासाठी सरकारदरबारी प्रस्ताव मांडला होता, त्याच्यावरच ही वेळ यावी!

आणि मग येतो लाउथच्या नियमातला अवघड खडा. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या दुसऱ्या सर्गात बील्झेबबचे वर्णन करताना ‘दॅन हूम’ असा प्रयोग केला आहे. नियमाने तिथे ‘दॅन हू’ हवे, कारण अध्याहृत क्रियापदाचा तो कर्ता आहे. पण ‘दॅन हू’ असे कुणी म्हणत नाही. ते कानाला सहनच होत नाही. लाउथ प्रामाणिक होते. ‘दॅन’नंतर हे संबंधी सर्वनाम नेहमी द्वितीयेतच येते, असे त्यांनी नोंदवून टाकले आणि अपवाद म्हणून पुढे गेले. ज्या पायावर इमारत उभी, त्याच पायात ही भेग. ‘दॅन’ कोणत्याच विभक्तीची मागणी करीत नसेल, तर ‘हूम’ला द्वितीयेत कोणी ढकलले? अर्धशतकानंतर विल्यम कॉबेट या आक्रमक पत्रकाराने हा अपवाद नाकारला. त्याचे व्याकरण १८१८ साली न्यूयॉर्कला आणि पुढच्या वर्षी लंडनला निघाले. तेही आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात. ‘दॅन हूम’ लिहिणारे थोर असले तरी चुकतात, असे त्याने मुलाला बजावले. तर्क कॉबेटचा सरळ होता, कान लाउथचा चांगला होता.

मला अधिक विस्मय वाटतो तो निराळ्या गोष्टीचा. हिब्रूत विशेषणाला तुलनावाचक रूपच नाही. ‘मिन’ म्हणजे ‘पासून’ या अर्थाचे अव्यय नामाला जोडले की तुलना झाली. मूर्खाच्या रागाचे ते वचन मूळ हिब्रूत शब्दशः ‘दोहोंहून जड’ असेच आहे, अगदी मराठीसारखे. तुलनेचा आधार वाक्य नसून नाम असू शकते, हे लाउथ यांच्याइतके जवळून पाहिलेला माणूस त्या काळच्या इंग्लंडात विरळाच असेल. तरीही इंग्रजीकडे वळल्यावर त्यांनी लॅटिन व्याकरणाचा चष्मा लावला. लॅटिनमध्येही दोन मार्ग होते: एक विभक्तीचा, दुसरा उभयान्वयी अव्ययाचा. त्यांतला दुसराच इंग्रजीला लागू धरला गेला.

विरोधी सूर तेव्हाही होता. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या जोसेफ प्रीस्टली यांनी लाउथच्या एक वर्ष आधी, १७६१ साली, आपले इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले होते, आणि भाषेत रूढी हीच अंतिम कसोटी, अशी त्यांची भूमिका होती. विल्यम वॉर्ड यांनी १७६५ सालच्या व्याकरणात ‘दॅन मी’ची पाठराखण केली. पण पुस्तकांचे नशीब तर्कावर ठरत नाही. अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या लिंडली मरे यांनी १७९५ साली मुलींच्या शाळेसाठी एक व्याकरण रचले. त्यात लाउथ यांच्याकडून त्यांनी भरपूर उचलले. मात्र लाउथचा संकोच, त्यांचे ‘असे दिसते’ हे सूर वाटेत गळून पडले आणि उरला तो नियम. मरे यांच्या पुस्तकाच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकात जिथे जिथे इंग्रजी शिकवली गेली, तिथे तिथे तो नियम पोचला.

आता त्या नियमाच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलू. ‘शी हेल्प्ड हिम मोअर दॅन आय’ आणि ‘शी हेल्प्ड हिम मोअर दॅन मी’ ही दोन वाक्ये घ्या. क्रियापद सकर्मक आहे. पहिल्याचा अर्थ, मी त्याला जितकी मदत केली त्याहून तिने अधिक केली. दुसऱ्याचा, तिने मला जितकी मदत केली त्याहून त्याला अधिक केली. हा भेद लहान नाही. एखाद्या मृत्युपत्रात किंवा एखाद्या कादंबरीतल्या पत्रात तो सारे चित्र पालटू शकतो. इथे लाउथचा नियम खरोखर उपयोगाचा आहे. परंतु ‘रन’ हे क्रियापद अकर्मक आहे. ‘ही रॅन फास्टर दॅन मी’ या वाक्याचा, तो मला जितका धावला त्याहून अधिक धावला, असा अर्थ कुणीही करणार नाही. संदिग्धता नाहीच, तर रूपाच्या काटेकोरपणाने कोणाचे रक्षण होते? आणि शाळांतून हा नियम शिकवला जातो तो बहुधा अशाच निरुपद्रवी उदाहरणांवर: कोण कोणापेक्षा उंच, कोण कोणापेक्षा वेगवान.

शिवाय खऱ्या संदिग्धतेवर सामान्य बोलणाऱ्यांनी आपला उपाय केव्हाच शोधला होता, आणि तो व्याकरणकारांच्या उपायाहून सरस आहे. तो म्हणजे ‘डिड’. ‘शी हेल्प्ड हिम मोअर दॅन आय डिड’ म्हटले की प्रश्न मिटला. आधीच्या क्रियापदाच्या बदली ‘डू’चे रूप वापरण्याची ही सवय जुन्या इंग्रजीइतकी पुरातन आहे; प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यांत ‘डू’ अपरिहार्य होण्याच्या कितीतरी आधीची. भूतकाळात तिची गरज विशेष भासते. ‘बी’ क्रियापद असले की ‘दॅन आय वॉज’ सहज म्हणता येते. इतर क्रियापदांत मात्र तेच क्रियापद पुन्हा उच्चारणे, ‘ही रॅन फास्टर दॅन आय रॅन’, बोजड होते. आणि इंग्रजी भूतकाळी रूपात पुरुष व वचन यांची खूण उरलेलीच नाही. ‘रॅन’ हे सर्वांसाठी एकच. जुन्या इंग्रजीत एकवचन आणि अनेकवचन यांची भूतकाळी रूपे वेगळी होती, ती गेली. तेव्हा कर्ता कोण, हे सांगण्याचे काम एकट्या सर्वनामावर येऊन पडले, आणि सर्वनामाची रूपे तर डळमळीत झालेली. ‘डिड’ आला की सर्वनामाला पुन्हा क्रियापदाआधीची जागा मिळते, आणि तिथे ‘आय’च येते. ‘दॅन मी डिड’ असे प्रमाण इंग्रजी बोलणारा चुकूनही म्हणत नाही. त्याला ‘आय’ आणि ‘मी’ यांतला भेद कळत नाही, हा आरोप म्हणूनच निराधार आहे. तो भेद त्याला अचूक कळतो. फक्त तो रूपाने न पाळता जागेने पाळतो.

‘डिड’चे आणखी एक काम आहे, ज्याचा विचार लाउथच्या पद्धतीत फारसा होत नाही. अध्याहृत क्रियापद हे आधीच्याच काळाचे, आधीच्याच अर्थाचे असणार, असे ती पद्धत गृहीत धरते. पण बोलताना आपण काळांचीही तुलना करतो. ‘शी सँग बेटर दॅन शी डज नाउ’: ती तेव्हा आतापेक्षा चांगले गात असे. इथे क्रियापद गाळताच येत नाही, कारण काळ त्याच्याच खांद्यावर आहे. आणि नित्याच्या बोलण्यातले, कदाचित सर्वांत वापरले जाणारे उदाहरण म्हणजे ‘इट टुक लाँगर दॅन आय थॉट’. वाटले होते त्याहून जास्त वेळ लागला. इथे तुलना कोणाशी आहे? माझ्याशी नाही, माझ्या विचार करण्याशीही नाही, तर मनात धरलेल्या वेळेशी. तो वेळ वाक्यात कुठेच नाही. याहून संक्षिप्त ‘लेटर दॅन एक्स्पेक्टेड’ यात तर कर्ताही नाही. अध्याहृताची यादी करत बसले तर दर वाक्यामागे आणखी एक वाक्य लिहावे लागेल. बोलीभाषांत यावर ‘दॅन व्हॉट आय थॉट’ असा तोडगा आहे. शिष्ट लोक त्याला नाक मुरडतात, पण ‘मी समजलो होतो त्यापेक्षा’ या आपल्या वाक्यातला ‘त्या’ जे काम करतो तेच तो ‘व्हॉट’ करतो.

उलट दिशेने गेलेली रचना म्हणजे ‘दॅन डिड’. कर्ता लांबलचक असला की गंभीर गद्यात ‘डिड’ त्याच्या आधी येतो. ही ऐट वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत आणि विद्वानांच्या निबंधांत शोभते. स्वयंपाकघरात कुणी ‘दॅन डिड माय ब्रदर’ म्हणत नाही.

विसाव्या शतकात भाषाशास्त्राने या प्रकरणाची फेरतपासणी केली. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनी १८९४ च्या ‘प्रोग्रेस इन लँग्वेज’ या ग्रंथातच इंग्रजी सर्वनामांच्या रूपांची अदलाबदल ही अवनती नसून भाषेच्या अंतर्गत ओढींचा परिणाम आहे, असे दाखवले होते. १९७३ साली जॉर्ज हँकामर यांनी एक छोटा निबंध लिहिला. इंग्रजीत ‘दॅन’ एक नसून दोन आहेत, हे त्याच्या शीर्षकातच आहे. एक वाक्य जोडणारा, दुसरा नामाला चिकटणारा. पुरावे साधे आहेत आणि वर्गात करून पाहण्याजोगे आहेत. ‘हू डिड ही रन फास्टर दॅन?’ हा प्रश्न इंग्रजीत बिनदिक्कत विचारता येतो. ‘दॅन’ केवळ वाक्ये जोडणारा असता, तर त्याला असे वाक्याच्या टोकाशी लोंबकळत सोडता आले नसते. ‘अँड’ किंवा ‘बिकॉज’ला तसे सोडून पाहावे. दुसरे, ‘नो मॅन कॅन बी टॉलर दॅन हिमसेल्फ’, स्वतःहून उंच कुणी असू शकत नाही. इथे ‘हिमसेल्फ’पुढे कोणते क्रियापद अध्याहृत धरायचे? ‘हिमसेल्फ इज’ असे वाक्य इंग्रजीत होत नाही. मिल्टनचे ‘दॅन हूम’ही याच दुसऱ्या ‘दॅन’चे. लाउथ ज्याला अपवाद म्हणून गेले तो खरे पाहता दुसऱ्या नियमाचा नमुना होता. २००२ साली आलेल्या हडलस्टन आणि पुलम यांच्या बृहत् केंब्रिज व्याकरणाने तर आणखी पुढे जाऊन ‘दॅन’ला सरसकट शब्दयोगी वर्गात बसवले, त्याच्यापुढे कधी नाम येते, कधी वाक्य.

‘डिड’ जिभेवर इतका रुळला आहे की तो अर्थाला चकवाही देतो. ‘मोअर पीपल व्हिजिटेड लंडन दॅन आय डिड’ हे वाक्य प्रथम ऐकताना ठीक वाटते. क्षणभर थांबल्यावर लक्षात येते की त्याला अर्थच नाही, कारण माणसांच्या संख्येची तुलना माझ्याशी होऊ शकत नाही. या जातीची वाक्ये भाषाशास्त्रज्ञांच्या चर्चेत १९८० च्या दशकापासून आहेत, आणि ती मन कशी स्वीकारते, यावर प्रयोगही झाले आहेत.

आपल्याकडे हा नियम नेसफिल्ड आणि पुढे रेन-मार्टिन यांच्या परंपरेतल्या व्याकरणांच्या वाटेने आला. मराठी मुलाला त्यात मुळात एक नैसर्गिक सोय होती. ‘माझ्यापेक्षा’ या शब्दात सामान्यरूपाला शब्दयोगी अव्यय जोडलेले आहे. इंग्रजीत त्याला सर्वांत जवळचे ‘दॅन मी’. ते त्याला आपोआप सुचते, आणि नेमक्या त्याच जागी त्याच्या वहीत लाल रेघ येते. मातृभाषेची ढवळाढवळ, असे निदानही होते. वस्तुतः त्या क्षणी तो मुलगा कॅशियसच्या आणि १६११ च्या भाषांतरकारांच्या पंक्तीत बसलेला असतो. लाल रेघेचा परिणाम मात्र एका सर्वनामापुरता राहत नाही. आपल्याला सहज सुचते ते चूकच असणार, ही धास्ती ज्याला बसली तो पुढे ‘बिट्वीन यू अँड आय’ असले अतिशुद्ध अपभ्रंश करू लागतो, आणि बोलण्याआधी मनात वाक्य तपासत अडखळतो. इंग्रजीला भिणारी पदवीधरांची जी मोठी फौज आपण पाहतो, तिच्या भीतीचे मूळ अशा ठिकाणी असते, असे माझे मत आहे.

आणि खरी संदिग्धता? ती मराठीतही आहेच. ‘तिने त्याला माझ्यापेक्षा अधिक मदत केली’ या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात, आणि ‘माझ्यापेक्षा’ला तिसरे रूप नाही. तिथे आपण काय करतो? ‘मी केली त्यापेक्षा’ किंवा ‘मला केली त्यापेक्षा’ असे म्हणतो. क्रियापद परत आणतो. इंग्रज बोलणारा ‘डिड’ आणतो तो नेमका हाच उपाय. दोन भाषांनी स्वतंत्रपणे गाठलेले हे ठिकाण वर्गात शेजारी ठेवून दाखवले, तर पंधरा मिनिटांत विद्यार्थ्याला अध्याहृत म्हणजे काय, सकर्मक-अकर्मकाचे महत्त्व काय आणि रूप व स्थान यांचा संबंध काय, हे सारे कळू शकते. उत्तरपत्रिकेत ‘ही रॅन फास्टर दॅन मी’ आढळले तर ते तसेच सोडावे. ‘शी हेल्प्ड हिम मोअर दॅन मी’ आढळले, तर समासात एवढेच विचारावे की मदत कुणी केली, कुणाला केली.